पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: किती अंतर, किती तास, आणि मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला स्थायिक झाली, आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या प्रत्येक जोडप्याने आधी माझ्याकडे चहाला यायचं अशी प्रथाच पडली. प्रश्न ठरलेले असतात. व्हॉट्सअॅपवर तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब आहे?

सरळ हवाई अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. मैलांत ८,४००, आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ७,३००. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्यामुळे कुठलीही जागा आपल्यापासून फार तर २०,००० किलोमीटरवर असू शकते. सॅन फ्रान्सिस्को त्याच्या दोन तृतीयांशावर आहे. पुणे-मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर नव्वद वेळा मुंबई गाठण्याइतकं.

पण अंतर विचारणाऱ्याला खरं म्हणजे वेळ हवा असतो, आणि वेळेचं उत्तर या आकड्यातून निघत नाही. १३,५०० ला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलं की १५ तास येतात. ते १५ तास माझ्या वाट्याला एकदाही आलेले नाहीत.

प्रत्येक वेबसाइटवर वेगळा आकडा का दिसतो?

कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. कोणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतं, कोणी ध्रुवांशी जराशी चपटी, म्हणजे आहे तशी. या सगळ्याने वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. पण एखादी साइट १५,००० किंवा १७,००० सांगत असेल, तर ती मधल्या थांब्यासकट मोजते आहे. ते आकडे पुढे येतीलच.

अमेरिका पश्चिमेला. मग जवळचा रस्ता उत्तरेकडून कसा?

हा माझा आवडता प्रश्न. उत्तर द्यायला मी शोकेसमधला पृथ्वीगोल खाली काढते. शाळेतून निरोपाला मिळालेला आहे, आफ्रिकेचा रंग थोडा उडालाय. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घ्यायचा, एक टोक पुण्यावर अंगठ्याने दाबायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणायचा. तो आपोआप घसरत घसरत वर जातो आणि सगळ्यात आखूड जागी जाऊन बसतो. तुम्ही त्याला युरोपवर धरून ठेवायला गेलात तर ढिला दोरा जास्त लागतो.

ताणलेला दोरा कुठून जातो बघा. इंदूर-उज्जैनच्या पश्चिमेकडून, दिल्लीच्या जवळजवळ डोक्यावरून, हिमाचल-लडाखच्या सीमेवरून तकलामकान वाळवंट, मग अल्ताई पर्वत, सैबेरिया, तिथून आर्क्टिक महासागर, आणि अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्निया. सगळ्यात वर तो साधारण ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. पुण्याहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १५ अंश कललेली असते. म्हणजे अमेरिका आपल्या पश्चिमेलाही नाही आणि पूर्वेलाही नाही, ती आपल्या डोक्यावर आहे. हे ऐकून आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दोन मिनिटं गप्प बसले होते.

भिंतीवरच्या नकाशाने आपली फसगत होते. गेरार्ड मर्केटरने १५६९ मध्ये जी पद्धत आणली ती दर्यावर्द्यांसाठी. होकायंत्राची दिशा त्यावर सरळ रेघेत धरता यावी म्हणून. त्या सोयीची किंमत अशी की ध्रुवांकडचा भाग प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि खरा जवळचा रस्ता नकाशावर कमानीसारखा वाकडा दिसतो.

मग विमान त्याच दोऱ्यावरून जातं का?

नाही. दोऱ्याला डोंगर लागत नाहीत आणि व्हिसाही लागत नाही.

पहिली अडचण तिबेटच्या पठाराची. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, म्हणजे प्रवाशांना साध्या हवेत श्वास घेता येतो. तिबेटमध्ये जमीनच त्याच्या वर आहे. म्हणून विमानं तो भाग शक्यतो वळसा घालून टाळतात.

दुसरी अडचण राजकारणाची. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली. एअर इंडियाला, आखाती कंपन्यांना ती बंदी नाही. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली, आणि त्याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना बसला. एकाच दोन शहरांमध्ये जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळेत दीड-दोन तासांचा फरक दिसला तर आधी त्यांचा रस्ता बघा.

तिसरी गोष्ट थंडीची. ध्रुवाजवळ बाहेरची हवा इतकी गार होते की इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. नेहमी वापरलं जाणारं जेट ए-१ उणे ४७ अंशांना गोठू लागतं. आणि वाटेत काही बिघडलं तर उतरायला विमानतळ किती लांब, हेही आधी मोजून ठेवावं लागतं.

तरी त्या बाजूने विमानं जातातच. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आलं. कॉकपिटमध्ये सगळ्या बायका होत्या, कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख. सुमारे १४,००० किलोमीटर, साधारण १७ तास. त्या दिवशी मी मुद्दाम गोल काढून दोरा ताणला होता.

पुण्याहून थेट विमान का नाही?

लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या किंचित वर आहे. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन. बंगळुरूच्या त्या उड्डाणाला वापरलेलं बोइंग ७७७-२००एलआर पूर्ण भरलं की ३४७ टनांपर्यंत जातं, आणि टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले १४५ टन नुसतं इंधन. म्हणजे सोळा-सतरा तासांच्या प्रवासाला निघालेलं विमान मुख्यतः स्वतःचं इंधनच वाहून नेत असतं. एवढं वजन उचलायला लांब पळावं लागतं. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, एप्रिल-मे मध्ये तापून आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना आधार कमी, म्हणून धाव आणखी लांब लागते.

त्यात लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. आपण तिथले पाहुणे. २०२४ मध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं, बसायला जागा झाली, पण टर्मिनल मोठं झाल्याने धावपट्टी लांब होत नाही. पूर्वी लुफ्थान्साचं लहान विमान पुण्याहून फ्रँकफर्टला जायचं, ते बंद झालं. आता लोहगावहून परदेशी म्हणजे आशियातली मोजकी शहरं. पुरंदरच्या विमानतळाचं विचाराल तर तो विषय मी चहाच्या दुसऱ्या कपाशिवाय काढत नाही.

एकूण किती तास लागतात? खरं सांगा.

घराच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत ३० ते ३६ तास. तिकिटावर २२ लिहिलेलं असेल, त्याला भुलू नका.

माझ्या एका खेपेचा हिशेब देते. उन्हाळ्याचे दिवस, मुंबई-दुबई-सॅन फ्रान्सिस्को, मुंबईहून सुटायची वेळ मंगळवारी पहाटे ४. सोमवारी संध्याकाळी ७ ला कॅब दारात. इतक्या लवकर कशाला, असं हे प्रत्येक वेळी म्हणतात. तर ऐका. कर्वेनगर ते चांदणी चौक, तिथून वाकड, किवळेला एक्सप्रेसवे लागायलाच संध्याकाळी एक तास जातो. मग उर्से टोलनाका. घाटात अमृतांजन पुलापाशी (पूल २०२० मध्ये पाडला, नाव तेच राहिलं) एक ट्रक बंद पडला की संपलं. खालापूरला चहा नाही घेतला तर ड्रायव्हरदादा नाराज. कळंबोलीपासून पुढे मुंबई आपल्या मर्जीने आत घेते. मी साडेतीन तासांतही पोहोचले आहे आणि पावसाळ्यात सहा तासांतही. त्या दिवशी साडेचार लागले, साडेअकराला टर्मिनल २ समोर उतरलो. चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, आणि मग खुर्चीत बसून जांभया.

मुंबई-दुबई सव्वातीन तास. दुबईत तीन तास थांबा. दुबई-सॅन फ्रान्सिस्को सोळा तासांच्या आसपास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून पावणेदोन तास. तिथून सॅन मटेओ पुलावरून खाडी ओलांडून फ्रीमाँट, साधारण तासभर. दारात पोहोचलो तेव्हा पुण्यात बुधवारची पहाट, पाच वाजले होते. सोमवार संध्याकाळ ७ ते बुधवार पहाट ५, म्हणजे ३४ तास. त्यातले हवेत १९ आणि थोडे वर. उरलेले पंधरा जमिनीवर. म्हणून माझा आग्रह असतो की विमानाचा एक तास वाचवायला दहा हजार रुपये जास्त देण्याआधी जमिनीवरचे तास कुठे वाचतात ते बघा.

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तो पुणेकरांना एक्सप्रेसवे संपताच जवळ पडतो. तुमच्या तिकिटावर कुठला विमानतळ लिहिला आहे ते दोनदा वाचा. सहार (म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ) आणि नवी मुंबई हे दोन वेगळे प्रवास आहेत.

कुठल्या मार्गाने जावं? दुबई, युरोप, सिंगापूर की दिल्ली?

आधी अंतरं, अदमासे. मुंबईहून दुबईमार्गे एकूण १५,००० किलोमीटर. हाँगकाँगमार्गे साडेपंधरा हजाराच्या जरा आत. फ्रँकफर्टमार्गे १५,७००. सिंगापूरमार्गे साडेसतरा हजार, कारण आधी आपण बरेच दक्षिणेला उतरतो आणि मग पॅसिफिक पार करतो.

आता हे विसरा, आणि उड्डाणांचे तुकडे कसे पडतात ते बघा. दुबईमार्गे तीन आणि सोळा: एक चिमुकला तुकडा, एक महाकाय. फ्रँकफर्टमार्गे नऊ आणि साडेअकरा. सिंगापूरमार्गे साडेपाच आणि पंधरा-सोळा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना मी युरोप सुचवते, प्रवास जवळपास मध्यावर तुटतो आणि पाय मोकळे करता येतात. ज्यांना एकदा झोप लागली की लागते त्यांनी दुबईचा मोठा तुकडा घ्यावा. आमच्या ह्यांना खुर्चीत झोप येत नाही, त्यामुळे आमचं मत फ्रँकफर्टकडे झुकतं. फक्त युरोपात थांबताना तुमच्या पासपोर्टला आणि व्हिसाला तिथल्या ट्रान्झिटचे कोणते नियम लागू आहेत हे तिकीट काढण्याआधी तपासा, नंतर नाही.

दिल्लीमार्गे गेलात तर पुणे-दिल्ली दोन तास आणि थोडी मिनिटं, एक्सप्रेसवे आणि मुंबई दोन्ही टळतात, सामान लोहगावलाच देऊन मोकळे. दिल्लीहून पुढचं थेट विमान सुमारे सोळा तासांचं, वळशाच्या दिवसांत जास्त. थेट उड्डाणांची वेळापत्रकं गेल्या काही वर्षांत सारखी बदलत आली आहेत, म्हणून शेजारणीने मागच्या दिवाळीत केलेल्या प्रवासाच्या भरवशावर राहू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं मोजायचं.

दोन वेगळी तिकिटं काढली तर स्वस्त पडतात. काढू का?

नका काढू.

माझी चूक सांगते. एका जानेवारीत मी पुणे-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्लीपासून पुढचं दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं. मधे चार तास होते, म्हटलं ऐसपैस. दिल्लीत धुकं. आमचं विमान लोहगावलाच पावणेचार तास उभं. पुढच्या कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, मॅडम, तुम्ही वेळेवर आला नाहीत. वेगळं तिकीट म्हणजे उशीर माझा, जबाबदारी माझी. जेवढे वाचवले होते त्याच्या चौपट गेले आणि दिल्लीत एक रात्र काढली, मेथीचे ठेपले खाऊन. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असते तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं, आणि सामानही थेट पुढे गेलं असतं.

एकाच तिकिटावरही तासाभराचं कनेक्शन घेऊ नका. साठीच्या पुढच्यांनी अडीच-तीन तास ठेवावेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. त्यात लाज कसली, मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत सारसबाग ते मंडई एवढं चालणं होतं.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का लागते?

वाऱ्यामुळे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. विमान त्याच उंचीवर उडतं. वारा पाठीशी असेल तर नदीच्या धारेला लागलेल्या होडीसारखं, समोरून असेल तर सिंहगड रोडला संध्याकाळी सहा वाजता.

आता गंमत बघा. आपण युरोपवरून पश्चिमेकडे गेलो तर वारा समोरून, म्हणून फ्रँकफर्टहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी. पण सिंगापूरमार्गे पूर्वेकडे गेलो तर जाताना वारा पाठीशी, आणि परत येताना समोरून: तिथे परतीला दीड-दोन तास जास्त धरा. म्हणजे कुणी वाऱ्याचा पूर्ण फायदा घ्यायचं ठरवलं तर त्याने सिंगापूरहून जावं आणि युरोपवरून यावं.

तसं केलं तर पृथ्वीप्रदक्षिणा होते का?

होते. पूर्वेकडून गेलात, पूर्वेकडेच जात राहून घरी परत आलात. गणपतीने आईवडिलांभोवती फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य मिळवलं होतं. आपल्याकडे उलटं झालंय, आईवडीलच मुलांसाठी पृथ्वीभोवती फिरतात.

मंगळवारी निघून मंगळवारीच कसे पोहोचतो?

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, मिर्झापूरजवळून जाते ती रेषा. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया हिवाळ्यात ग्रिनिचच्या ८ तास मागे, उन्हाळ्यात ७. म्हणजे पुणे तिथल्या घड्याळाच्या हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे.

वरचीच खेप घ्या. मुंबईहून मंगळवारी पहाटे ४ ला सुटलो. सव्वाबावीस तासांनी उतरलो तेव्हा भारतात बुधवारचे मध्यरात्रीनंतरचे सव्वादोन. त्यातून साडेबारा तास वजा करा: मंगळवार दुपारी पावणेदोन. दिवसच संपेना. आमचा तो मंगळवार साडेछत्तीस तासांचा झाला.

येताना हे कर्ज फेडावं लागतं. मंगळवारी दुपारी ४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालात, बावीस तास प्रवास झाला, तर मुंबईत उतरता तेव्हा गुरुवारी पहाटेचे अडीच. बुधवार आकाशात कुठेतरी सांडतो. कॅब बुक करताना याच ठिकाणी लोक चुकतात आणि जावईबापू एक दिवस आधीच गाडी घेऊन सहारला उभे राहतात. तिकिटावर उतरायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ किंवा +२ असतं, ते भिंग लावून वाचा.

आणि मंगळवारी अंगारकी असेल तर? उपवास कधी सोडायचा?

हसू नका, हा प्रश्न मला खरंच आला होता, आणि चांगला आहे. तिथी चंद्र-सूर्यामधल्या कोनावरून ठरते, त्यामुळे ती सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. पण चंद्रोदय प्रत्येक गावाचा वेगळा. पुण्यात मंगळवारी रात्री साडेनऊला चंद्र दिसला तेव्हा फ्रीमाँटला मंगळवारची सकाळ असते. तिथे रात्री चंद्र उगवेपर्यंत पुण्यात बुधवारचे दहा वाजलेले असतात आणि चतुर्थी संपून पंचमीही लागलेली असू शकते. म्हणून तिथल्या पंचांगात संकष्टी कधी कधी आदल्या दिवशी, सोमवारी येते. आपलं भिंतीवरचं कॅलेंडर तिथे चालत नाही.

हा भूगोल झाला. पुढचं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, प्रवासात सवलत असते, साबुदाण्याची खिचडी डब्यात न्या आणि दमलात की खा. प्रश्न विचारणाऱ्या काकूंनी मुंबई विमानतळावरच डबा उघडला.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो का?

पॅसिफिकवरून गेलात तर हो, युरोपवरून गेलात तर नाही. पोहोचल्यावर तारीख दोन्हीकडून एकच येते.

विमानात इतके तास शरीराला काय होतं?

केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे सोळा तास तुम्ही कळसूबाईच्याही वर बसून आहात, आणि तेही कोरड्या हवेत. ओठ फाटतात, नाक कोरडं पडतं, चहाची चव लागत नाही. पाणी मागून मागून प्या. आयलची सीट घ्या आणि दर तास-दीड तासाने पाय मोकळे करा, कारण एकाच जागी बसून पायातल्या रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आधीपासून तसा त्रास असेल, हृदयाचं दुखणं असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना भेटूनच निघा.

औषधं हँडबॅगमध्ये, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, खाली गोठू शकतं. साडेछत्तीस तासांच्या मंगळवारी 'रोज सकाळी एक' गोळी कधी घ्यायची याचा तक्ता डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. माझ्याकडे एक घडी घातलेला कागद पासपोर्टच्या कव्हरात असतो, त्यावर डाव्या बाजूला पुण्याची वेळ, उजव्या बाजूला फ्रीमाँटची, मधे गोळीचं नाव.

जेट लॅग किती दिवस राहतो?

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तास-दीड तास सरकतं. आपला फरक बारा-तेरा तासांचा, म्हणजे याहून वाईट शक्यच नाही. बारा म्हणजे बरोबर उलटं. आठवडा ते दहा दिवस धरा.

पहिल्या चार रात्री पहाटे अडीचला आम्ही दोघं टक्क जागे. लेकीची झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकघरातला मोठा दिवा न लावता ओव्हनच्या उजेडात चहा करतो, चमच्याचा आवाज होऊ न देता साखर ढवळतो, आणि पुण्यात आता तीन वाजलेत, कामवाली येऊन गेली असेल, असं कुजबुजत बसतो. उपाय एकच कामी आला: तिथल्या दिवसाउजेडी बाहेर पडायचं, डुलकी आली तरी वीस मिनिटांच्या वर नाही, आणि जेवण पहिल्या दिवसापासून तिथल्या वेळेला. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी आखलेली लांबची सहल मात्र प्रेमाने नाकारा.

याहून लांबचं विमान असतं का?

सिंगापूर ते न्यूयॉर्क, थेट, सुमारे १५,३०० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. मला कोणी फुकट तिकीट दिलं तरी नको.

लोणचं नेऊ का?

मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाचं, दोन पिशव्यांत. हँडबॅगमध्ये नाही, तेल हे द्रवच. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरच्या वरचं काढून घेतात, त्याला आजीच्या हातचं आहे हे कारण चालत नाही. कढीपत्ता, ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नका. बाकी खाण्याचं जे आहे ते तिथे उतरल्यावर विचारतील तेव्हा खरं सांगा. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होऊ शकतो.

मुलांना फोन कधी करायचा?

उन्हाळ्यात सोपं आहे: आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करा आणि सकाळची रात्र करा. पुण्यात रात्रीचे ९, तिथे सकाळचे साडेआठ. हिवाळ्यात दीड तास वजा, म्हणजे साडेसात. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, आपल्याला कोणी सांगत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात एका रविवारी नेहमीच्या नऊला फोन लावला की पलीकडून झोपाळलेला आवाज येतो, आई, अगं साडेसात वाजलेत, आज सुट्टी आहे.

मी आता दहाला लावते.